मोटारीचा कंट्रोलर, नोंद ४: रोजंदारी, सालदार आणि शेजारची विहीर

मंडळी, मागच्या नोंदीत तिन्ही फेजचे ऑप्टोकपलर (फेज आहे की नाही ते चिपला सुरक्षितपणे कळवणारे सुटे भाग) वाचायला लागले होते तिथपर्यंत सांगितलं होतं, त्यानंतर बरेच महिने काही टाकलं नाही कारण एकतर केळी कापायला आली होती आणि दुसरं म्हणजे कोड इतका गंडला होता की सांगायची लाज वाटत होती. आता गाडी रुळावर आलीय म्हणून सगळंच सांगून टाकतो. हार्डवेअरचं यावेळी काही नाही, सगळा घोळ सी भाषेतल्या स्टोरेज क्लासचा आहे, म्हणजे व्हेरिएबल किती जगणार आणि कोणाला दिसणार ते ठरवणाऱ्या शब्दांचा. तोच तो, कॉलेजात पाच मार्कांना यायचा आणि आपण ऑटो रजिस्टर स्टॅटिक एक्स्टर्न असा चार खणांचा तक्ता पाठ करून लिहून यायचो तो. मला पण पाच पैकी चार पडले होते. कळलं काहीच नव्हतं भो.

नवीन असतील त्यांच्यासाठी थोडक्यात. चोपडा तालुक्यात आमची शेती, बोअरवर साडेसात एचपीची सबमर्सिबल, केळीला ड्रिप. थ्री फेज लाइन काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. स्टार्टरला ऑटो लावलेला आहेच, लाइन आली की मोटार आपोआप सुरू होते, पण बोअरचं पाणी खाली गेलं की मोटार कोरडी चालते आणि ऑटोला त्याचं काही नसतं. मला दोनच गोष्टी हव्यात, कोरडी चालली तर बंद पडावी आणि आज किती चालली, एकूण किती चालली हे डिस्प्लेवर दिसावं. चिप एटीमेगा ३२८पी, अर्डुइनो युनोवर असते तीच. ३२ केबी फ्लॅश, २ केबी रॅम, १ केबी ईईपीरॉम (वीज गेली तरी टिकणारी मेमरी). अर्डुइनोची लायब्ररी घेतलेली नाही, सरळ सी आणि एव्हीआर जीसीसी हा कंपाइलर. कोड इथे तोंडी सांगितल्यासारखा लिहितोय, समजून घ्या.

जानेवारी, पहिला आठवडा

कोरडी चालण्याचं लॉजिक सोपं आहे. पाणी नसलं की मोटारीवर लोड येत नाही, अँपिअर उतरतात, ते सीटी (करंट मोजणारी कॉइल) लावून वाचायचे. पण एखाद्या सेकंदाला उतरले म्हणून लगेच बंद करायची नाही, सलग २० सेकंद कमी दिसले तरच बंद. म्हणून दर सेकंदाला एक फंक्शन कॉल होतं, त्यात मी लिहिलं की कोरडे बरोबर शून्य, मग अँपिअर कमी असतील तर कोरडे प्लस प्लस (म्हणजे एकाने वाढव), नाहीतर परत शून्य, आणि कोरडे २० झाले की रिले पाड, म्हणजे मोटार बंद.

ज्यांना चूक दिसली त्यांना दिसली. मला चार दिवस दिसली नाही, कारण टेबलावर बल्ब लावून टेस्ट करताना मी सगळं एकाच मोठ्या लूपमध्ये लिहिलं होतं आणि तिथे ते चालत होतं, नंतर नीटनेटकं करायच्या नादात तेच फंक्शनमध्ये उचलून टाकलं. शेतावर लावलं आणि मी घरी येऊन भरीत आणि कळण्याची भाकरी खात बसलो. नानांचा फोन आला. नाना म्हणजे आमचे सालदार, माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्याकडे आहेत. म्हणाले, "दादा, मोटारना आवाज बदली गया, पाणी नई शे." त्यांनी स्वतःच स्टार्टरचं लाल बटण दाबून बंद केली होती. माझ्या कंट्रोलरने वीस काय, दोन सेकंद पण मोजले नव्हते. प्रत्येक वेळी फंक्शन सुरू झालं की कोरडे शून्य, एक झाले, फंक्शन संपलं, विसरला. पुढच्या सेकंदाला परत शून्य.

फंक्शनच्या आत काहीही न लिहिता घेतलेला व्हेरिएबल ऑटो असतो. फंक्शन सुरू झालं की स्टॅकवर (रॅममधली तात्पुरती जागा) किंवा रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतली जागा) त्याला जागा मिळते, फंक्शन संपलं की जागा गेली. म्हणजे रोजंदारीचा मजूर, सकाळी आला, संध्याकाळी गेला, उद्या येईल तो तोच असेल असं नाही आणि आज कुठपर्यंत निंदणी झाली ते त्याला उद्या माहीत नसणार. आणि किंमत न देता सोडला तर आत काय असेल ते सांगता येत नाही, आधीच्या कोणाचा तरी कचरा पडलेला असतो.

त्या ओळीच्या आधी फक्त स्टॅटिक हा शब्द लावला आणि काम झालं. स्टॅटिक म्हणजे सालदार. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरला की पुढच्या अखाजीपर्यंत शेतावरच, काल कुठल्या वाफ्याला पाणी दिलं ते त्याला विचारावं लागत नाही. फक्त आमच्या सालदाराची मुदत वर्षाची असते आणि या स्टॅटिकची मुदत प्रोग्राम चालू आहे तोपर्यंत. नानांनी आवाजावरून ओळखलं ते पण यामुळेच, त्यांना कालचा आवाज लक्षात होता.

आता एक गोष्ट इथे बऱ्याच जणांची अडते, माझ्या एका धुळ्याच्या मित्राने तर यावर फोनवर अर्धा तास घातला. त्याचं म्हणणं की स्टॅटिक कोरडे बरोबर शून्य ही ओळ फंक्शनमध्येच आहे, फंक्शन दर सेकंदाला चालतं, मग शून्य परत परत का होत नाही? तर ती ओळ चालतच नाही. पहिल्यांदा पण चालत नाही. मेन सुरू व्हायच्या आधी एक छोटा स्टार्टअप कोड पळतो, तो दोन कामं करतो, ज्या स्टॅटिक आणि ग्लोबलना सुरुवातीची किंमत दिलीय त्यांच्या किमती फ्लॅशमधून उचलून रॅममध्ये मांडतो, त्या भागाला डेटा म्हणतात, आणि बाकीच्यांची जागा सरळ शून्याने पुसून काढतो, त्याला बीएसएस म्हणतात. म्हणजे आपण शून्य लिहिलं नसतं तरी स्टॅटिक शून्यच मिळाला असता.

यातूनच दुसरं निघतं. मेनच्या आधी किंमत मांडायची म्हणजे ती कंपाइल करतानाच माहीत पाहिजे. मी लिहिलं होतं की स्टॅटिक सुरुवात बरोबर घड्याळ_वाच(), तर कंपाइलर म्हणाला इनिशियलायझर कॉन्स्टंट नाही. आधी अर्डुइनोच्या स्केचमध्ये (तिकडे प्रोग्रामला स्केच म्हणतात) हेच मुकाट चालत होतं, कारण स्केच असतं सी प्लस प्लस आणि तिथे फंक्शनमधला असा स्टॅटिक पहिल्यांदा तिथे पोचल्यावर भरला जातो. सी मध्ये नाही. तिकडून कोड इकडे आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

जानेवारी, शेवट

डिस्प्ले. १६ बाय २ चा साधा हिरवा. मिनिटं दिली की तास:मिनिटं असा मजकूर बनवून देणारं फंक्शन लिहिलं. मजकूर ठेवायला आत अक्षरांचा अ‍ॅरे घेतला आणि त्याचा पत्ता परत केला. आता हा अ‍ॅरे ऑटो, म्हणजे फंक्शन संपताच जागा गेली आणि मी गेलेल्या जागेचा पत्ता घेऊन बसलो, गावातलं घर विकल्यावर जुन्या पत्त्यावर कागदपत्र मागवण्यासारखं. कंपाइलरने वॉर्निंग दिली होती, मी वाचली नव्हती. डिस्प्लेवर चौकोन चौकोन आले.

पहिल्या आठवड्यात शिकलेली विद्या वापरली, अ‍ॅरेला स्टॅटिक केलं. आता आकडे स्वच्छ दिसायला लागले पण आजचे तास आणि एकूण तास दोन्ही सारखेच! आज ४:१० आणि एकूण पण ४:१०. मला वाटलं बेरीज चुकली, दोन रात्री बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती. एकाच प्रिंटमध्ये मी तेच फंक्शन दोनदा कॉल केलं होतं, आणि सालदार एकच आहे ना, दोन्ही कॉलना तीच एक जागा. जो कॉल नंतर झाला त्याने आधीच्याचा मजकूर पुसला, आणि प्रिंटच्या हातात एकाच पाटीचे दोन पत्ते. त्यात कोणता कॉल आधी होईल हे सी भाषा ठरवून देत नाही, म्हणून कधी दोन्हीकडे एकूण येईल कधी दोन्हीकडे आज, कंपाइलरची मर्जी.

सी च्या स्वतःच्या लायब्ररीत पण हीच खोड आहे. शब्द तोडणारं एसटीआरटोक आपली जागा आतल्या स्टॅटिकमध्ये लक्षात ठेवतं, म्हणून एक वाक्य तोडता तोडता मध्येच दुसरं तोडायला घेतलं की पहिल्याचा पत्ता हरवतो, पुढे त्यासाठी वेगळं एसटीआरटोक_आर आणावं लागलं ज्यात लक्षात ठेवायची जागा आपण द्यायची. मी पण तेच केलं, ज्याला मजकूर पाहिजे त्याने आपलं भांडं घेऊन यावं. स्टॅटिक कळला की माणूस जिथे तिथे स्टॅटिक लावत सुटतो, मी सुटलो होतो.

फेब्रुवारी

हा महिना पूर्ण एका बगने खाल्ला आणि याच्यासाठीच मी ही नोंद लिहितोय असं समजा.

कोड वाढला म्हणून तीन फाइली केल्या, सेन्सर, डिस्प्ले आणि मेन. सेन्सर फाइलमध्ये फेजेस नावाचा ८ बिटचा व्हेरिएबल, तीन फेजचे तीन बिट, तिन्ही आले की किंमत ७. मेनला तो बघायचा होता म्हणून मेनच्या डोक्यावर हाताने लिहिलं, एक्स्टर्न, १६ बिट, फेजेस. आठचं सोळा का लिहिलं? रात्रीचे दीड वाजले होते एवढंच उत्तर आहे.

एक्स्टर्न म्हणजे व्हेरिएबल बनवणं नाही. तुमच्या शेतात विहीर नाही, शेजारच्या गटात आहे, तुम्ही फक्त कागदावर लिहिताय की अशी अशी विहीर आहे आणि मी तिथून पाणी घेणार. विहीर खोदलीय त्याच्याच सातबाऱ्यावर, एकदाच. मग लिंकर येतो, कंपाइल झालेल्या फाइली जोडून एक प्रोग्राम करणारा, तो आपल्या तलाठ्यासारखा, नाव बघतो, गट नंबर जुळवतो आणि पाइप जोडून देतो. पण विहीर किती परसाची, पाणी किती, हे तो बघत नाही. सी च्या लिंकरला टाइप माहीतच नसतो, त्याच्याकडे नाव आणि पत्ता एवढंच. त्यामुळे सेन्सर म्हणतो ८ बिट, मेन म्हणतो १६ बिट, दोघं आपापल्या फाइलमध्ये बरोबर, कंपाइलरला एका वेळी एकच फाइल दिसते, लिंकरला टाइप दिसत नाही, आणि एकही वॉर्निंग न येता हेक्स (चिपमध्ये टाकायची फाइल) तयार.

मग चालत कसं होतं? कारण ही चिप खालचा बाइट आधी ठेवते. मेन दोन बाइट वाचायचा, पहिला बाइट खरा फेजेस, दुसरा बाइट रॅममध्ये त्याच्या शेजारी जो कोणी बसला असेल तो. आणि शेजारी कोण होता, तर आपला जानेवारीतला स्टॅटिक कोरडे! तो शून्य असेपर्यंत मेनला ७ दिसायचे, सगळं उत्तम. अँपिअर क्षणभर जरी उतरले की कोरडे एक व्हायचा, आणि मेनला फेजेस दिसायचा २५६ अधिक ७ म्हणजे २६३. माझी अट होती बरोबर ७ असेल तर चालव. २६३ म्हणजे ७ नाही, म्हणजे फेज गेला, मोटार बंद.

आता शेतावर काय दिसायचं ते बघा. मोटार व्यवस्थित चालू आणि मध्येच पडायची, डिस्प्लेवर फेज गेला. वायरमनला बोलावलं, त्याने डीपीपासून तपासलं, तिन्ही फेज ठणठणीत. ऑप्टोकपलर बदलले. जळगावला जाऊन नवीन आणले, एक चक्कर वाया. केबलचा जॉइंट खोलून परत केला. आमचे काका रोज संध्याकाळी म्हणायचे, "तुनं ते यंत्र काढी टाक, पहिलंवालं बरं व्हतं." आणि खरं सांगतो, काढणारच होतो.

सापडलं कसं तर मॅप फाइल उघडली म्हणून. लिंकरला सांगितलं की मॅप काढून दे तर तो कोणता व्हेरिएबल कोणत्या पत्त्यावर बसला याची पूर्ण यादी देतो. मी वेगळंच काही शोधत होतो, रॅम किती उरली ते. तिथे फेजेस एकच बाइट घेऊन बसलेला दिसला आणि त्याच्या पुढच्याच घरात कोरडे. पाच मिनिटं नुसता बघत राहिलो.

यावरचा उपाय आधीपासून सगळ्यांना माहीत असतो आणि कोणी करत नाही. एक्स्टर्नची ओळ कधीही सी फाइलमध्ये हाताने लिहायची नाही. ती हेडरमध्ये एकदाच, आणि तो हेडर जो वापरतो त्यानेही घ्यायचा आणि ज्याने व्हेरिएबल बनवलाय त्यानेही घ्यायचाच. मग सेन्सर फाइल कंपाइल होतानाच कंपाइलरला दोन्ही ओळी एकत्र दिसतात आणि तो कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स म्हणून तिथेच अडवतो. मी नंतर मुद्दाम चूक ठेवून बघितलं, अडवतो.

आणि मी तरी नुसतं वाचत होतो. मेनने त्यात काही लिहिलं असतं तर कोरडेची किंमत पण गेली असती.

मार्च

हेडर नीट करतोय तोवर दुसरं निघालं. जुना लॅपटॉप गरमीने गेला (आमच्याकडे मार्चमध्येच चाळीसला टेकतं, मे मध्ये तर विचारू नका), नवीन मशीनवर नवीन जीसीसी टाकला आणि जो प्रोजेक्ट काल बनत होता तो आज मल्टिपल डेफिनिशन म्हणून बोंबलायला लागला. कोड एका अक्षराने बदललेला नाही.

झालं असं की एकूण_मिनिटं हा व्हेरिएबल मी हेडरमध्ये एक्स्टर्न न लावता टाकला होता. तीन फाइलींनी हेडर घेतला, म्हणजे तीन फाइलींनी आपापली विहीर खोदली, एकाच नावाची. माझ्याकडे आधी जीसीसी ७.३ होता, त्याच्यात अशा किंमत न दिलेल्या ग्लोबलना कॉमन नावाच्या खात्यात टाकायचे आणि लिंकर तिन्ही मिळून एकच करायचा, समजून घ्यायचा बिचारा. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून ही सूट बंद, आता तीन म्हणजे तीन आणि तीन असतील तर एरर. जुनी वागणूक परत आणायला एक फ्लॅग आहे, एफकॉमन, काही लोक तो लावून मोकळे होतात. मी नाही लावला. फेब्रुवारी भोगल्यावर लिंकरने समजून घेऊ नये असंच मला वाटतं.

त्याच झपाट्यात दुसरं काम केलं, जे व्हेरिएबल आणि फंक्शन फाइलच्या बाहेर कोणाला लागत नाहीत त्या सगळ्यांना स्टॅटिक लावला. इथे स्टॅटिकचा अर्थ वेगळा होतो हे लक्षात घ्या, आणि ही या भाषेची खरोखर वाईट खोड आहे. फंक्शनच्या आत स्टॅटिक म्हणजे किती जगणार ते. फंक्शनच्या बाहेर तर सगळे तसेही शेवटपर्यंत जगतातच, तिथे स्टॅटिक म्हणजे कोणाला दिसणार ते, या फाइलच्या कुंपणाबाहेर नाव जाणार नाही. एकच शब्द, दोन कामं. फायदा लगेच दिसला, कंपाइलरने दोन फंक्शन दाखवली जी कोणी वापरतच नव्हतं, आणि डिस्प्ले आणि सेन्सर दोन्हीत मी काउंट नावाचा व्हेरिएबल ठेवला होता त्यांचं भांडण मिटलं.

रजिस्टर आणि ऑटोबद्दल पण लिहून टाकतो, मजा म्हणून. रजिस्टर लावून पाहिला, काढून पाहिला, हेक्स फाइल बाइट टू बाइट तीच. आताचा कंपाइलर स्वतः ठरवतो कोणाला रजिस्टरमध्ये ठेवायचं. रजिस्टरचं एकच नक्की काम उरलंय, त्या व्हेरिएबलचा पत्ता तुम्हाला घेता येत नाही, अँडचं चिन्ह (&) लावलं की एरर. ऑटो हा शब्द तर मी गेल्या दहा वर्षांत कुठल्या सी कोडमध्ये पाहिला नाही. तो आला केन थॉम्पसनच्या बी भाषेतून, तिथे टाइपच नव्हते, मग हा लोकल व्हेरिएबल आहे हे सांगायला काहीतरी शब्द लागायचाच, तो ऑटो. एक्स्टर्न पण तिथूनच, तिथे स्पेलिंगमध्ये एक ई कमी होता. डेनिस रिचीने सी मध्ये टाइप आणले तेव्हा ऑटोची गरज संपली पण शब्द राहिला, आजोबांचा हुक्का घरात राहतो तसा. आता सी २३ मध्ये त्याला नवीन काम दिलंय, टाइप न लिहिता ऑटो लिहा, किमतीवरून टाइप ओळखला जाईल. इकडे गावात मात्र ऑटो म्हटलं की स्टार्टरवरचा डबा, मी काकांना सांगितलं की सी मध्ये पण ऑटो असतो तर म्हणाले मग तोच बसव ना.

टाइपडेफ पण व्याकरणात याच रांगेत बसवलाय, नुसत्या सोयीसाठी, जागेशी त्याचा काही संबंध नाही.

एप्रिल, अखाजीच्या आधी

व्होलाटाइल या शब्दावरून मागच्या वेळी काहींनी विचारलं होतं. तो स्टोरेज क्लास नाही, तो क्वालिफायर, टाइपला लावायचं विशेषण, म्हणून स्टॅटिकच्या शेजारी बसू शकतो. टायमरच्या इंटरप्टमध्ये (चालू काम मध्येच थांबवून पळणारा कोड) वाढणारा टिक मी स्टॅटिक व्होलाटाइल ठेवलाय, नाहीतर मेन एकदाच वाचून तीच जुनी किंमत धरून बसायचा. पण व्होलाटाइल लावून संपत नाही. टिक १६ बिटचा आणि चिप ८ बिटची, दोन दमात वाचते. टिक २५५ असताना खालचा बाइट वाचला, तो २५५, मध्येच इंटरप्ट आला आणि टिक झाला २५६, मग वरचा बाइट वाचला, तो १, जोडून आले ५११. दोन्ही वेळा खरं वाचून खोटं उत्तर. म्हणून वाचण्यापुरते इंटरप्ट बंद, एव्हीआरच्या लायब्ररीत त्यासाठी अ‍ॅटॉमिक ब्लॉक आहे.

रॅमचं पण एक. साइज कमांड डेटा आणि बीएसएस सांगते, स्टॅक सांगत नाही. मी नोंदींसाठी मोठा अ‍ॅरे एका फंक्शनमध्ये लोकल ठेवला होता, साइज म्हणायची अर्धी रॅम मोकळी, आणि ते फंक्शन चाललं की स्टॅक खाली घसरत बीएसएसमध्ये घुसायचा. या चिपवर कोणी अडवणारा नाही. आता मोठं काही असलं की मी त्याला सरळ स्टॅटिक करतो, निदान हिशोबात दिसतं. मोठ्या मशीनवर असं करू नका, इथे २०४८ बाइटच आहेत म्हणून.

आणि एकूण तास. स्टॅटिक सालदार कितीही इमानदार असला तरी लाइन गेली की रॅम गेली, आणि आमच्याकडे लाइन जाणार नाही असा दिवस कुठला. वॉचडॉगने (प्रोग्राम अडकला तर चिप परत सुरू करणारा टायमर) रीसेट झाला तर नोइनिट सेक्शनमध्ये ठेवलेला व्हेरिएबल टिकतो, स्टार्टअप कोड त्याला पुसत नाही, पण वीज गेल्यावर तो पण कामाचा नाही. म्हणून ईईपीरॉम. त्याची हमी १,००,००० वेळा लिहिण्याची. दर मिनिटाला लिहिलं आणि मोटार आठ तास चालली तर दिवसाला ४८०, म्हणजे २०८ दिवसांत हमी संपली, केळीचा एक बाग पण निघत नाही. दर १५ मिनिटांनी लिहिलं तर दिवसाला ३२, साडेआठ वर्षं जाईल. वीज गेली तर जास्तीत जास्त १५ मिनिटांचा हिशोब बुडतो, तेवढा बुडू दे.

सध्या सहा दिवस झाले मोटार विनाकारण पडलेली नाही. एकदा खरोखर कोरडी झाली आणि विसाव्या सेकंदाला बंद पडली, मी तिथेच उभा होतो, नाना पण होते, त्यांचा हात लाल बटणाकडे आधीच निघाला होता. या आठवड्यात रात्रीची लाइन आहे, पहाटे जाऊन डिस्प्लेवरचा आकडा आणि नानांच्या वहीतला आकडा जुळवायचा आहे. मॅप फाइल ज्यांना बघायची असेल त्यांनी सांगा, पाठवतो.